केअर होमचा खर्च आणि राहते घर : इंग्लंडमधील नियम, पात्रता व कागदपत्रे

इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबात आई किंवा वडिलांना कायमचे केअर होममध्ये ठेवण्याची वेळ आली, की फीपाठोपाठ घराचा प्रश्न येतो : काउन्सिल राहते घर विकायला लावेल का? घराची किंमत आर्थिक तपासणीत धरली जाते की नाही आणि धरली गेल्यास पैसे केव्हा द्यावे लागतात, हे २०१४ च्या केअर ॲक्टने व त्याखालील नियमांनी ठरवलेले आहे. येथील माहिती फक्त इंग्लंडपुरती आहे. वेल्स, स्कॉटलंड व उत्तर आयर्लंडचे नियम वेगळे आहेत.

सुरुवात काउन्सिलच्या सोशल केअर विभागाकडे गरजांच्या मूल्यांकनाची मागणी करून होते, आणि ते मोफत असते. त्यानंतर आर्थिक तपासणी होते. २३,२५० पौंडांहून अधिक मालमत्ता असणाऱ्याला पूर्ण फी स्वतः भरावी लागते. १४,२५० ते २३,२५० या टप्प्यात दर २५० पौंडांमागे आठवड्याला १ पौंड उत्पन्न धरले जाते. त्याखालच्या रकमेकडे पाहिले जात नाही, मात्र पेन्शनसारखे उत्पन्न हिशेबात येतेच. काळजीची गरज मुख्यतः वैद्यकीय स्वरूपाची असेल, तर आर्थिक तपासणीच्या आधीच एनएचएसच्या (सरकारी आरोग्यसेवेच्या) ‘कंटिन्युइंग हेल्थकेअर’ची तपासणी लेखी मागावी, कारण ही मदत मंजूर झाल्यास सर्व खर्च एनएचएस उचलते आणि घराचा प्रश्नच उरत नाही.

घराची किंमत प्रत्येक वेळी धरली जात नाही. सेवा राहत्या घरीच मिळत असेल, किंवा केअर होममधला मुक्काम तात्पुरता असून परत येण्याचा इरादा असेल, तर ती धरली जात नाही. मुक्काम कायमचा असला तरी त्या घरात पती किंवा पत्नी, ६० किंवा अधिक वयाचे नातेवाईक, अपंग नातेवाईक किंवा १८ वर्षांखालील स्वतःचे मूल आधीपासून सलग राहत असेल, तर घर वगळावेच लागते. आईची काळजी घेण्यासाठी स्वतःचे घर सोडून आलेली पन्नाशीतली मुलगी या यादीत बसत नाही. तिच्यासाठी घर वगळणे काउन्सिलच्या मर्जीवर असते, म्हणून तशी विनंती कारणांसह लेखी करावी.

यांपैकी काहीच लागू नसेल, तर दोन सवलती उरतात. घर सोडून इतर मालमत्ता २३,२५० पौंडांच्या आत असेल, तर कायमच्या मुक्कामाचे पहिले १२ आठवडे घर हिशेबात घेतले जात नाही. त्यानंतर ‘डिफर्ड पेमेंट’चा करार करता येतो : फी काउन्सिल भरते, घरावर लँड रजिस्ट्रीत (मालमत्ता नोंदणी कार्यालयात) बोजा चढतो, आणि घर विकल्यावर किंवा मृत्यूनंतर ९० दिवसांत ती रक्कम व्याज व प्रशासकीय खर्चासह फेडावी लागते. उदाहरणार्थ, हॅरोमध्ये एकट्या राहणाऱ्या आजींचे कर्जमुक्त घर ४,००,००० पौंडांचे आणि बँकेत १८,००० पौंड आहेत असे धरू. पहिले १२ आठवडे त्या पेन्शनमधून हातखर्चाची ठरावीक रक्कम राखून उरलेले पैसे देतील आणि बचतीपोटी आठवड्याला १५ पौंड जास्त धरले जातील. पुढे करारात घराच्या किमतीतून १० टक्के आणि वर १४,२५० पौंड वजा करून ३,४५,७५० पौंडांपर्यंत फी लांबवता येईल. हे कर्जच आहे, पण घाईने घर विकण्याची वेळ टळते. १२ आठवडे भराभर सरतात, त्यामुळे अर्ज पहिल्याच आठवड्यात द्यावा.

याच आजींचा कोथरूडमध्ये फ्लॅट असेल, तर मात्र चित्र बदलते. परदेशातील मालमत्ताही हिशेबात येते, आणि तिच्यामुळे इतर मालमत्ता २३,२५० पौंडांच्या वर गेली, तर या दोन्ही सवलतींची पात्रता सहसा उरत नाही. फ्लॅटची माहिती लपवण्यापेक्षा मूल्यांकनाचा दाखला, सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट आणि कर्ज असल्यास बँकेचे पत्र द्यावे. विक्रीखर्च आणि कर्ज वजा करून घेण्याचा हक्क आहे.

घर मुलाच्या नावे बक्षीस देण्याचा सल्ला अनेक जण देतात, आणि ‘सात वर्षे झाली की सुटलो’ असेही ठामपणे सांगतात. सात वर्षांचा तो नियम वारसा कराचा आहे; केअरच्या फीला अशी कोणतीही मुदत नाही. घर देताना केअरची गरज लागेल हे दिसत होते का, आणि फी टाळणे हा त्यातला महत्त्वाचा हेतू होता का, हे काउन्सिल पाहते. तसे आढळल्यास घर अजूनही आजींचेच आहे असे धरून फी आकारली जाते आणि ती घर घेणाऱ्याकडूनही वसूल करता येते. शिवाय मुलाचा घटस्फोट किंवा दिवाळे निघाल्यास आजींच्या डोक्यावरचे छप्परच धोक्यात येते.

पती-पत्नी दोघे हयात असताना केलेली व्यवस्था अधिक भक्कम ठरते. संयुक्त मालकी असेल, तर ‘एसईव्ही’ हा अर्ज लँड रजिस्ट्रीकडे देऊन प्रत्येकाचा हिस्सा वेगळा करता येतो, आणि त्याला शुल्क नाही. मग प्रत्येकाने मृत्युपत्रात आपला हिस्सा ट्रस्टमध्ये ठेवून जोडीदाराला हयातभर राहण्याचा हक्क आणि नंतर मुलांना मालकी द्यावी. मागे राहिलेल्याला पुढे केअर होममध्ये जावे लागले, तर साधारणपणे त्याचा स्वतःचाच हिस्सा मोजला जातो. हे मृत्युपत्र सॉलिसिटरकडूनच करून घ्यावे.

अर्जासोबत ओळखपत्र, बँकेची विवरणपत्रे, पेन्शनची पत्रे, लँड रजिस्ट्रीचा मालकी उतारा, गृहकर्जाचे विवरण आणि घराच्या विम्याची पॉलिसी लागते. आजींच्या वतीने सही करायची असल्यास नोंदणीकृत मुखत्यारपत्र लागते. त्यांची निर्णयक्षमता गेल्यानंतर ते करता येत नाही आणि कोर्ट ऑफ प्रोटेक्शन या निर्णयक्षमता नसलेल्यांसाठीच्या न्यायालयाकडे जावे लागते. निर्णय मान्य नसल्यास आधी काउन्सिलकडे लेखी तक्रार करावी, आणि तिचे अंतिम उत्तर मिळाल्यावर स्थानिक शासन व सोशल केअर ओंबुड्समन या स्वतंत्र तक्रार-निवारकाकडे विनाशुल्क दाद मागता येते.