सांतोचा चेहरा खरंच कोणी पाहिला नव्हता का?

मेक्सिकोचा रुपेरी मुखवट्याचा पैलवान एल सांतो याच्याबद्दल एक गोष्ट वर्षानुवर्षं फिरते: मरेपर्यंत त्याचा चेहरा जगाने पाहिलाच नाही. ऐकायला भारी, पण खरं नाही.

इदाल्गो राज्यातल्या तुलान्सिंगो इथे 1917 साली जन्मलेला हा रोदोल्फो गुस्मान उएर्ता. 1942 मध्ये तो 'सांतो' झाला. त्याआधी तो उघड्या चेहऱ्यानेही कुस्त्या खेळला होता, म्हणजे तेव्हाच्या प्रेक्षकांनी त्याला पाहिलेलंच होतं. (नाव 'संत', पण आखाड्यात सुरुवातीची जवळपास वीस वर्षं तो 'रुदो', म्हणजे खलनायकच! सज्जन नायक ही प्रतिमा प्रामुख्याने सिनेमांनी घडवली.)

आणि शेवटी? जानेवारी 1984 मध्ये टीव्हीवरच्या 'कोन्त्रापुन्तो' या कार्यक्रमात त्याने स्वतःच मुखवटा वर सरकवून चेहऱ्याचा बराचसा भाग दाखवला. क्षणभरच. 5 फेब्रुवारीला हृदयविकाराच्या झटक्याने तो गेला.

मात्र लढतीत (तिथे पैलवान मुखवटा पणाला लावतात, हरला की तो उतरवावा लागतो) त्याचा मुखवटा कोणालाही जिंकता आला नाही, हे खरं. दफनही मुखवट्यासकटच झालं. दंतकथा बहुधा इथूनच वाढली असावी.