मत्स्यखाद्यातील प्राणिज घटकांची पचनीयता

मासळीची भुकटी (फिशमील), कत्तलखान्यातील मांस-हाडांची भुकटी, वाळवलेले रक्त, कोंबडीची पिसे व आतडी यांपासून केलेली भुकटी हे मत्स्यखाद्यातील प्रमुख प्राणिज घटक होत. त्यांतील प्रथिने, मेद आणि खनिजे यांचा जो वाटा विष्ठेतून बाहेर न पडता माशाच्या आतड्यात शोषला जातो, त्यास पचनीयता म्हणतात. पिशवीवर छापलेले प्रथिनांचे प्रमाण हे नायट्रोजन मोजून व त्यास ६.२५ ने गुणून काढलेले असल्याने, त्यातले माशाच्या अंगी किती लागेल हे त्यावरून कळत नाही.

याचे ठळक उदाहरण पिसांचे आहे. पिसांत ८० टक्क्यांहून अधिक प्रथिन असले, तरी ते गंधकाच्या बंधांनी घट्ट जखडलेले केराटिन असल्यामुळे कच्ची पिसे माशाला जवळजवळ पचतच नाहीत. दाबाखालील वाफेत शिजवल्यावर हे बंध तुटतात. मात्र उष्णता अती झाली की अमिनो आम्लेच खराब होतात. रेनबो ट्राउट माशात पिसांच्या भुकटीतील प्रथिनांची पचनीयता १९८० च्या सुमारास ६० टक्क्यांच्या आसपास आढळत असे, तर १९९९ पर्यंत सुधारित प्रक्रियेच्या भुकटीत ती ८० टक्क्यांवर गेली. रक्ताचेही तसेच आहे : फवारा पद्धतीने झटपट वाळवलेले रक्त जवळपास पूर्ण पचते, तर तापत्या पृष्ठभागावर रेंगाळलेले बरेच कमी. म्हणून घटकाच्या नावापुढे पचनीयतेचा एकच आकडा लिहिणाऱ्या तक्त्यांवर विसंबणे योग्य नाही.

मोजणीसाठी खाद्यात क्रोमिक ऑक्साइड किंवा यिट्रियम ऑक्साइडसारखा न पचणारा पदार्थ मिसळतात. तो खाद्यात १ टक्का आणि विष्ठेत ४ टक्के भरला, तर कोरड्या खाद्याचा तीन-चतुर्थांश भाग शोषला गेला असे ठरते. तपासायचा घटक बहुधा ७० भाग प्रमाणित खाद्यात ३० भाग मिसळून देतात. खरी अडचण पाण्याची : विष्ठेतील द्रव्ये पाण्यात विरघळून गेली की पचनीयता आहे त्याहून जास्त दिसते. कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठात विकसित झालेली, विष्ठा नळीत लगेच खाली बसवून गोळा करण्याची पद्धत यासाठीच आहे.

माशाच्या जातीनुसारही फरक पडतो. रोहू, कटला, मृगळ आणि सायप्रिनस या कार्प माशांना जठर नसते. त्यामुळे आम्लाअभावी हाडांतील फॉस्फरस नीट विरघळत नाही, खाद्यात विद्राव्य फॉस्फेट वेगळे घालावे लागते आणि न शोषलेला फॉस्फरस तळ्यात साचतो. तिलापियाच्या जठरात मात्र तीव्र आम्ल असते. भुकटीचा दर्जा पारखण्यासाठी प्रयोगशाळेत वापरली जाणारी पेप्सिन (जठरात तयार होणारे, प्रथिने पचवणारे विकर) चाचणीही कार्पच्या बाबतीत जपूनच वाचावी, कारण त्याच्या शरीरात पेप्सिन तयारच होत नाही.