ट्रायकोडर्मा की ट्रायकोग्रामा? ऑर्डर देण्याआधी एवढं वाचा

शेतकरी बंधू-भगिनींनो,

हंगाम लागला की दिवसभर फोन वाजतो, "ट्रायको आहे का?" आम्ही विचारतो, "कुठलं? डर्मा की ग्रामा?" दोन्ही जैविक, दोन्ही आम्हीच तयार करतो, त्यामुळे गल्लत होते. पण एक बुरशी आहे, दुसरा जिवंत कीटक. मागे एका शेतकऱ्याने हरभऱ्याच्या बीजप्रक्रियेसाठी नुसतं 'ट्रायको' मागवलं आणि आमच्याकडून ट्रायकोग्रामाचं (कीटकाच्या अंड्यांचं) कार्ड गेलं. पेरणीच्या सकाळी पाकीट उघडलं तर आत बारीक माश्या फिरत होत्या. पेरणी खोळंबली. चूक आमचीही होती, आम्ही विचारायला हवं होतं. तेव्हापासून हे पत्रक बिलासोबत देतो.

ट्रायकोडर्मा ही हिरवट भुकटी. जमिनीतल्या रोगट बुरशीच्या धाग्यांना ही बुरशी वेटोळे घालते आणि त्यांच्यावरच जगते. हरभरा-तुरीची मर, मूळकूज, हळद-आल्याची कंदकूज यांसाठी हिचा उपयोग. किलोभर बियाण्याला ४ ते ५ ग्रॅम, सावलीत चोळायची. जमिनीत द्यायची तर चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, ओल असताना. बुरशीनाशकासोबत एकाच घमेल्यात कालवू नका. आणि वाळलेलं झाड हिने परत उभं राहत नाही, म्हणून पेरणीआधीच वापरा.

ट्रायकोग्रामा ही गांधीलमाशीच्या नात्यातली, पण १ मिलिमीटरपेक्षाही लहान. ती पतंगाच्या अंड्यात आपलं अंडं घालते, त्यामुळे अळी जन्मालाच येत नाही. ('ट्रायको' म्हणजे ग्रीकमध्ये केस, हिच्या पंखांवर केसांच्या ओळी असतात.) आमच्या कार्डावर तांदळाच्या पतंगाची सुमारे २०,००० अंडी चिकटवलेली असतात. भिंगातून पाहा: अंडी काळी झाली असतील तर आत माशी वाढते आहे. अंड्याला बारीक भोक दिसलं तर माशी निघून गेली, ते कार्ड घेऊ नका.

कपाशीच्या बोंडअळीसाठी एकरी ३ कार्डं. कामगंध सापळ्यात (मादीच्या वासाने नर पतंग ओढणाऱ्या सापळ्यात) पतंग दिसू लागले की लावायची; अळी बोंडात शिरल्यावर उपयोग नाही. उसाच्या खोडकिडीलाही हीच माशी चालते. पट्ट्या कापून संध्याकाळी पानाच्या खालच्या बाजूला स्टेपल करा, उन्हात नको. मुंग्या अंडी पळवतात, त्यांच्याकडे लक्ष ठेवा. कार्ड लावल्यावर काही दिवस कीटकनाशक फवारू नका, फवारणीने माश्या मरतात. लगेच लावायचं नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा, बर्फाच्या कप्प्यात मात्र नको. गाडीच्या डिकीत तर मुळीच नको.

दोन्ही एकाच शेतात चालतात. एक मुळाशी, एक पानावर.

फोन करताना पीक कुठलं आणि त्रास मुळाला आहे की अळीचा, एवढं सांगा. भुकटी नेहमी तयार असते. कार्ड ताजं करावं लागतं, म्हणून आठ-दहा दिवस आधी कळवा.