स्क्रॅच : एका दृश्य प्रोग्रामिंग वातावरणाची जडणघडण

स्क्रॅच : रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवून संगणकाचा प्रोग्रॅम तयार करण्याचे वातावरण. अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या (एमआयटी) मीडिया लॅबमध्ये मिचेल रेझ्निक यांच्या ‘लाइफलाँग किंडरगार्टन’ या गटाने ते विकसित केले. काम २००३ मध्ये सुरू झाले आणि मे २००७ मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले. ८ ते १६ वर्षांची मुले डोळ्यांसमोर ठेवून त्याची रचना झाली. सीमोर पॅपर्ट प्रभृतींची १९६७ ची लोगो ही मुलांसाठीची प्रोग्रामिंग भाषा, याच प्रयोगशाळेतील लोगोब्लॉक्स आणि ॲलन के यांच्या गटाचे ईटॉइज हे त्याचे पूर्वज होत.

मजकुरी भाषेत नवशिक्याचा बराच वेळ निसटलेला कंस किंवा स्वल्पविराम शोधण्यात जातो. स्क्रॅचमध्ये व्याकरण ठोकळ्याच्या आकारातच असते. आज्ञेच्या ठोकळ्याला वर खाच आणि खाली उंचवटा असतो, मूल्य देणारा ठोकळा गोलसर कडांचा, तर खरे-खोटे सांगणारा षट्कोनी. ‘जर’च्या जागेत षट्कोनच बसतो, दुसरे काही तिथे ठेवताच येत नाही. त्यामुळे ‘व्याकरणाची चूक’ हा संदेश दाखवण्याची वेळच येत नाही.

प्रोग्रॅम चालू असतानाच्या चुकांबाबत घेतलेला निर्णय अधिक धाडसी होता. दहा नोंदींच्या यादीतून विसावी मागितली, तर स्क्रॅच थांबत नाही, रिकामे मूल्य देऊन पुढे जाते. अनुभवी प्रोग्रॅमरला हे पटत नाही, कारण अशाने दोष दडून राहतो. मात्र इथे परिणाम मंचावर, म्हणजे पडद्यावरील चित्रे हलतात त्या चौकटीत, लगेच दिसतो. मंचावरील मांजर (स्क्रॅचमधील नेहमीचे पात्र) भलतीकडे गेली की मूल स्वतःच ठोकळे तपासू लागते. लाल अक्षरांतला इशारा वाचून काम सोडून देण्यापेक्षा हे बरे, हा रचनाकारांचा हिशेब पटण्याजोगा आहे. त्याच हेतूने कोणताही ठोकळा नुसता टिचकी मारून चालवून पाहता येतो, चालू असलेल्या ठोकळ्यांच्या रांगेभोवती उजळ कडा दिसते आणि चलाची (बदलती किंमत साठवणाऱ्या नावाची) किंमत मंचावरच वाचता येते. लिहिणे आणि चालवणे यांसाठी वेगवेगळ्या अवस्था नाहीत.

एकाच वेळी अनेक रांगा चालण्याची सोय वरवर साधी वाटते, पण आतून ती अवघड आहे. दोन रांगांनी एकच चल एकाच क्षणी बदलला, तर गोंधळ ठरलेला. यावर कुलुपे (एका वेळी एकाच रांगेला चल बदलू देण्याची युक्ती) वगैरे शिकवण्याऐवजी स्क्रॅचने नियंत्रण एका रांगेकडून दुसरीकडे कधी जावे यालाच मर्यादा घातली: सामान्यतः आवर्तनाची (तेच ठोकळे पुन्हा पुन्हा चालवण्याची) एक फेरी संपल्यावर किंवा थांबण्याची आज्ञा आल्यावरच. मधल्या आज्ञा सलग पार पडतात. गोंधळ पूर्णपणे टळत नाही, पण पुष्कळ कमी होतो.

काय वगळावे यावर मात्र एकमत नव्हते. ठोकळे मोजके ठेवायचे म्हणून पहिल्या आवृत्त्यांत वापरकर्त्याला स्वतःचा ठोकळा बनवता येत नसे. येन्स म्योनिश आणि ब्रायन हार्वी यांनी ही उणीव भरून काढणारी ‘बिल्ड युअर ओन ब्लॉक्स’ ही सुधारित आवृत्ती काढली. तिचेच पुढे ‘स्नॅप’ झाले. अधिकृत स्क्रॅचमध्ये ही सोय २०१३ च्या २.० आवृत्तीत आली, तीही अर्धवट. मूल्य परत देणारा ठोकळा ३.० मध्येही स्वतः बनवता येत नाही.

सर्वांत महाग पडला तो पाया. पहिली आवृत्ती जॉन मलोनी यांच्या नेतृत्वाखाली स्क्वीक स्मॉलटॉक या प्रोग्रामिंग भाषेत लिहिली गेली. प्रयोगांसाठी ते उत्तम साधन होते, पण स्क्रॅच संगणकावर उतरवून घ्यावे लागे. २.० फ्लॅश या ब्राउझरमध्ये चलचित्रे व खेळ चालवणाऱ्या तंत्रावर उभारल्याने थेट ब्राउझरमध्ये चालू लागली. दुसऱ्याचा प्रकल्प उघडून आत पाहणे आणि त्यात बदल करणे यामुळेच सोपे झाले. पुढे फ्लॅशचेच दिवस भरले. त्यामुळे २ जानेवारी २०१९ रोजी आलेल्या ३.० साठी सारे जावास्क्रिप्टमध्ये पुन्हा लिहावे लागले. या प्रवासात मंच उजवीकडून डावीकडे गेला आणि पुन्हा उजवीकडे आला. बोटाने सहज ओढता यावेत म्हणून ठोकळे मोठे झाले. मंचाचे ४८० × ३६० हे माप मात्र कायम राहिले, कारण मुलांच्या जुन्या प्रकल्पांतील स्थाने त्यावरच बेतलेली होती. जुन्या फायली उघडण्यासाठी रूपांतराची सोयही करावी लागली.

३.० मध्ये ठोकळ्यांचा भाग गूगलच्या ब्लॉकली या ठोकळे रचण्याच्या तयार साधनावर बेतला आहे. प्रोग्रॅम चालवणारे यंत्र आणि चित्र काढणारा भाग वेगळे ठेवले आहेत. संगीत आणि पेन यांचे ठोकळे मुख्य यादीतून काढून जोडविस्तारांत नेले आहेत. ज्याला हवे तो ते जोडून घेतो.