जुन्या मस्टँगला मजबूत मागचा एक्सल: ताकद विकत मिळते, कोन मात्र मोजावा लागतो

१९६५-६६ च्या फोर्ड मस्टँगमध्ये बहुतेक व्ही-८ इंजिनांच्या मागे ८ इंची एक्सल यायचा आणि सहा सिलिंडरच्या गाडीत त्याहून नाजूक ७.२५ इंची. हे आकडे क्राउन व्हीलच्या, म्हणजे एक्सलमधल्या मोठ्या दातेरी चाकाच्या, व्यासाचे. त्या काळच्या इंजिनाला आणि अरुंद टायरला हा एक्सल पुरायचा. अडचण येते ती पुढच्या काळातलं ५ लिटरचं इंजिन आणि पाच गियरचा टी-५ गियरबॉक्स बसवल्यावर. ४०७ न्यूटन-मीटर टॉर्क, पहिला गियर ३.३५, एक्सलचं गुणोत्तर ३.५५ धरलं तर गुणाकार ४,८०० च्या वर जातो. प्रत्यक्षात एवढा टॉर्क चाकापर्यंत पोचत नाही, कारण त्याआधी टायर घसरतो. मागच्या चाकांवर ७५० किलो भार आणि साधारण पकड धरली, तर सुमारे २,३५० न्यूटन-मीटरलाच रबर हार मानतं. म्हणजे टायर हाच फ्यूज. रुंद, चिकट टायर बसवणारा माणूस नकळत तो फ्यूज काढून टाकतो आणि मग सगळा ताण शाफ्टवर येतो.

यावर अमेरिकेत बराच वापरला जाणारा उपाय म्हणजे १९९५ ते २००१ च्या फोर्ड एक्सप्लोररचा ८.८ इंची एक्सल. त्याच्या शाफ्टला ३१ स्प्लाइन (टोकावरचे उभे दाते) असतात, जुन्याला २८. व्यास सुमारे ३० मिलिमीटरवरून ३३ वर जातो. फरक किरकोळ वाटतो, पण पिळाची ताकद व्यासाच्या घनावर ठरते, त्यामुळे ती साधारण एक-तृतीयांशाने वाढते. वर डिस्क ब्रेक आयते मिळतात आणि चाकाच्या पाच बोल्टचं माप तेच राहतं. भंगारात शोधताना कव्हरच्या बोल्टला लटकणारी पत्र्याची पट्टी वाचावी. ‘३ एल ७३’ म्हणजे ३.७३ गुणोत्तर आणि लिमिटेड स्लिप, म्हणजे एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ताकद देणारी रचना.

रुंदीचा प्रश्न उरतो. एक्सप्लोररचा एक्सल जवळपास ६० इंच, ६५-६६ च्या मस्टँगचा ५७.२५. लांब, म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूची नळी सुमारे ७३ मिलिमीटर कापली की दोन्हीकडे आखूड बाजूचाच शाफ्ट चालतो आणि पिनियनही (क्राउन व्हीलला फिरवणारं छोटं गियर) जवळजवळ मध्यावर येतं. नळी जोडताना दोन्ही टोकांतून आणि बेअरिंगच्या जागांतून सरळ दांडा घालूनच टाके (वेल्डिंगचे छोटे ठिपके) मारावेत. नजरेच्या अंदाजाने जोडलेली नळी पुढे बेअरिंग आणि ऑइल सील खात राहते. १९६७-७० च्या मस्टँगचा एक्सल ५९.२५ इंची असतो, तिथे बहुधा कापावं लागत नाही.

पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) नव्या बैठका नळीवर वेल्ड करण्याआधी थांबावं, कारण पिनियनचा कोन इथेच कायमचा ठरतो. गियरबॉक्सकडून एक्सलकडे जाणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टच्या दोन्ही टोकांना युनिव्हर्सल जॉइंट असतात. असा जॉइंट वाकून फिरतो तेव्हा त्याचा वेग एका फेऱ्यात दोनदा कमी-जास्त होतो. १० अंशांवर हा चढउतार दीड टक्क्याचा असतो. मिनिटाला ३,००० फेरे असतील, तर सेकंदाला १०० धक्के. मागचा जॉइंट पुढच्याइतकाच कोन करून उलट बाजूला वळला की हे धक्के एकमेकांना मारतात, म्हणून गियरबॉक्सची आणि पिनियनची रेषा समांतर हवी. पण पाट्यांवरचा एक्सल जोर लागला की मुरडतो आणि पिनियनचं नाक वर उचललं जातं. त्यासाठी उभ्या गाडीत ते समांतरपेक्षा २ अंश खाली ठेवतात. गियरबॉक्सचं शेपूट ३ अंश खाली असेल, तर पिनियन १ अंश वर. हे माप गाडीचं पूर्ण वजन चाकांवर असतानाच घ्यावं. जॅकवर लटकलेल्या एक्सलचा कोन काहीच सांगत नाही.

आधी फक्त टाके मारावेत, कोन पुन्हा तपासावा, मग एक्सल उतरवून बैठकांना इंच-इंचभराचे वेल्ड आलटून-पालटून द्यावेत. सलग वेल्ड केला, तर नळी केळीसारखी वाकते. अर्थिंगचा चिमटा नळीवरच लावावा, नाहीतर करंट बेअरिंगमधून जातो. मधलं हाउसिंग ओतीव लोखंडाचं आहे. नळ्या त्याला जोडायच्या असतील, तर निकेलचा रॉड, आधी गरम करणं आणि सावकाश थंड होऊ देणं, तिन्ही हवंच.

प्रॉपेलर शाफ्ट सगळ्यात शेवटी, प्रत्यक्ष मापाने कापून घ्यावा. स्लिप योक (गियरबॉक्सच्या शेपटात सरकणारं शाफ्टचं टोक) पूर्ण आत ढकलून साधारण २५ मिलिमीटर बाहेर ओढावा आणि तिथून लांबी धरावी. एक्सलची नळी जाड असल्याने ती पाट्यांना बांधणारे यू-बोल्ट नवे लागतात. ६५-६६ च्या गाडीला ब्रेकचा एकाच सर्किटचा मास्टर सिलिंडर असतो. तो दोन सर्किटचा करावा आणि ड्रमसाठीचा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह काढावा, नाहीतर मागचे पॅड घासत राहतात. लिमिटेड स्लिप असेल, तर एक्सलच्या तेलात ११८ मिलिलिटर फ्रिक्शन मॉडिफायर घालावा. नाही घातला, तर वळणावर त्या रचनेतले क्लच कुरकुरतात.

चालवून पाहताना कंपन फक्त जोर दिल्यावर येत असेल, तर पिनियनचं नाक बहुधा जास्तच वर चाललंय, बैठकीखाली पाचर घालून ते खाली आणावं. फक्त पाय उचलल्यावर येत असेल, तर उलट. जोर असो-नसो, वेगाबरोबर वाढतच गेलं, तर कोनाच्या मागे न लागता शाफ्टचं बॅलन्सिंग तपासावं.