पेशी घसरल्या म्हणजे पेशंट गेला?

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका लॅबबाहेर परवा एक मामा रिपोर्ट उन्हाला धरून उभे होते. मुलाच्या लिम्फोमाची (लसिका संस्थेचा कॅन्सर) दुसरी केमो होऊन दहा दिवस झालेले, पांढऱ्या पेशी १,८००. ‘संपलं बघा,’ म्हणाले. हा समज आपल्याकडं फार जुना.

केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत पेशी तळाला जातात आणि बहुधा पुढच्या डोसपर्यंत सावरतात. ही औषधाची करणी, आजाराचं माप नव्हे. (ताप आला तर मात्र मध्यरात्रीही दवाखाना गाठायचा.)

आजार पुढं कसा जाईल याचा अंदाज बांधायला उपचाराआधीचे आकडे लागतात. हॉजकिन हा लिम्फोमाचा एक प्रकार; तो बराच पुढं गेलेला असेल तर त्यासाठी १९९८ साली ठरलेल्या सात निकषांत रक्तपेशींचे तीनच: हिमोग्लोबिन १०.५ च्या खाली, लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) ६०० च्या खाली किंवा ८ टक्क्यांहून कमी, आणि पांढऱ्या पेशी १५,००० किंवा त्याहून जास्त. म्हणजे इथं वाढलेल्या पेशी वाईट! बाकीचे वय, लिंग, स्टेज, अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन). वेगानं वाढणाऱ्या नॉन-हॉजकिन लिम्फोमाचा असाच अंदाज बांधणाऱ्या १९९३ च्या निर्देशांकात तर पेशींची मोजणीच नाही.

पांढऱ्या रश्शानं पांढऱ्या पेशी वाढत नाहीत, हेही मामांना सांगितलं. ते काही पटलेलं दिसलं नाही.