सुवर्णपदक म्हणजे आशिया चषक नव्हे: भारतीय फुटबॉलचे दोन स्वतंत्र हिशेब

भारताने फुटबॉलचा आशिया चषक आजवर एकदाही जिंकलेला नाही. वस्तुस्थिती इतकी सरळ असूनही स्पर्धा परीक्षांच्या पुस्तिकांत, प्रश्नमंजूषांत आणि वृत्तपत्रांच्या चौकटींत भारताला आशिया चषकाचा दोन वेळचा विजेता ठरवले जाते आणि पुढे १९५१ व १९६२ ही वर्षे लिहिली जातात. वर्षे बरोबर आहेत आणि विजयही खरे आहेत, पण ते आशियाई क्रीडा स्पर्धेतले, म्हणजे आपण ज्याला एशियाड म्हणतो त्या बहुक्रीडा स्पर्धेतले आहेत. आशिया चषकात भारताची सर्वांत वरची नोंद १९६४ सालच्या उपविजेतेपदाची आहे. ही गल्लत वर्षानुवर्षे जशीच्या तशी पुढे जात राहिल्यामुळे खेळाडूंचे विक्रम, संघाची घसरण आणि अलीकडच्या निकालांचा अर्थ असे सगळेच चुकीचे वाचले जाते.

एशियाडमधले सुवर्णयुग बहुतेक वाचकांना ठाऊक असते, म्हणून ते थोडक्यात सांगतो. १९५१ मध्ये नवी दिल्लीला झालेल्या पहिल्याच स्पर्धेत शैलेन मन्ना यांच्या नेतृत्वाखाली भारताने अंतिम सामन्यात इराणला १-० असे हरवले आणि तो गोल साहू मेवालाल यांचा होता. १९६२ मध्ये जाकार्तात चुनी गोस्वामी कर्णधार होते. गटसाखळीत दक्षिण कोरियाकडून ०-२ अशी हार पत्करलेल्या भारताने अंतिम सामन्यात त्याच संघाला २-१ असे नमवले. दोन्ही वेळचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम होते. जाकार्ताच्या त्या संघात मूळचे गोव्याचे आणि मुंबईत टाटा स्पोर्ट्स क्लबकडून खेळणारे फोर्तुनातो फ्रँको मधल्या फळीत होते, हे आपल्याकडे फार थोड्यांना आठवते. पुढे १९७० मध्ये बँकॉकला जपानला १-० असे हरवून भारताने कांस्यपदक मिळवले. एशियाडच्या फुटबॉलमधले भारताचे ते शेवटचे पदक.

दोन स्पर्धांमधले वरवरचे फरक लगेच उरकता येतील. एशियाड हा अनेक खेळांचा मेळावा असून त्याचे नियंत्रण आशियाई ऑलिम्पिक परिषदेकडे आहे, तर आशिया चषक ही फक्त फुटबॉलची स्पर्धा असून ती आशियाई फुटबॉल महासंघाची, म्हणजे एएफसीची आहे. एकीकडे पदक मिळते, दुसरीकडे चषक. दोन्ही साधारण चार वर्षांनी होतात. क्रिकेटचा आशिया चषक हे तिसरेच प्रकरण असून त्याचा येथे काहीही संबंध नाही.

गोंधळाचे मूळ मात्र समजून घेण्यासारखे आहे. १९५१ मध्ये आशिया चषक अस्तित्वातच नव्हता. एएफसीची स्थापना १९५४ मध्ये मनिलाला, एशियाड चालू असतानाच झाली आणि पहिला आशिया चषक १९५६ मध्ये हाँगकाँगला खेळला गेला. त्यामुळे १९५१ च्या भारतीय संघाला आशियातला सर्वोत्तम संघ म्हटले तर माझी हरकत नाही, कारण त्या वेळी खंडातील देश एकमेकांसमोर येत असलेली दुसरी स्पर्धाच नव्हती. १९६२ च्या बाबतीत ही सवलत देता येत नाही. तोवर आशिया चषक दोनदा झाला होता आणि दोन्ही वेळा तो दक्षिण कोरियाने जिंकला होता.

असे असले तरी १९६२ चे सुवर्ण मी १९६४ च्या उपविजेतेपदाच्या कितीतरी वर ठेवतो आणि त्यात मला तिळमात्र शंका नाही. जाकार्तात आठ संघ होते आणि भारताला थायलंड, जपान, दक्षिण व्हिएतनाम आणि दक्षिण कोरिया या सगळ्यांना ओलांडावे लागले. थायलंडविरुद्धच्या सामन्यात डोक्याला मार लागून टाके पडलेले बचावपटू जर्नेल सिंग पुढच्या सामन्यांत आघाडीच्या फळीत खेळले. दक्षिण व्हिएतनामविरुद्धच्या उपांत्य सामन्यात त्यांनी एक गोल केला आणि अंतिम सामन्यातही प्रदीपकुमार बॅनर्जी यांच्या गोलपाठोपाठ दुसरा गोल त्यांचाच होता. एका भारतीय क्रीडा पदाधिकाऱ्याने स्पर्धेतून इस्रायल आणि तैवान यांना वगळल्याबद्दल जाहीर नापसंती व्यक्त केल्यामुळे स्टेडियममधला प्रचंड जमाव भारताच्या विरोधात गेला होता, तरीही संघ डगमगला नाही. याउलट १९६४ च्या आशिया चषकात इस्रायल, भारत, दक्षिण कोरिया आणि हाँगकाँग असे चारच संघ होते आणि पात्रता फेरीतल्या प्रतिस्पर्ध्यांनी माघार घेतल्यामुळे भारत तिथवर पोहोचला होता. दक्षिण कोरियाला २-० आणि हाँगकाँगला ३-१ असे हरवणे ही चांगलीच कामगिरी होती, आणि यजमान इस्रायलकडून ०-२ असा पराभव झाल्याने विजेतेपद हुकले. आशिया चषक हे नाव मोठे वाटते म्हणून त्यातली कामगिरीही आपोआप मोठी ठरवणे मला मान्य नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. जाणकार म्हणवणारेही येथेच अडखळतात. एशियाडमध्ये कोणता संघ खेळतो, या प्रश्नाचे उत्तर २००२ पूर्वी एक होते आणि २००२ पासून दुसरे आहे. १९५१ पासून १९९८ पर्यंत एशियाडच्या पुरुष फुटबॉलमध्ये वयाची अट नव्हती. देशाचा मुख्य संघ, म्हणजे वरिष्ठ संघच तेथे उतरत असे आणि ते सामने पूर्ण आंतरराष्ट्रीय सामने मानले जातात. २००२ च्या बुसान स्पर्धेपासून मात्र ही स्पर्धा २३ वर्षांखालील खेळाडूंची झाली आणि प्रत्येक संघाला त्याहून मोठ्या वयाचे तीनच खेळाडू घेण्याची मुभा उरली. आशिया चषकात असे कधीच घडले नाही. तो १९५६ पासून आजपर्यंत वरिष्ठ संघांचीच स्पर्धा राहिला आहे.

हा बदल एशियाडने ऑलिम्पिकच्या मागोमाग केला. ऑलिम्पिकमध्ये १९९२ पासून २३ वर्षांची मर्यादा आली आणि १९९६ पासून त्याहून मोठ्या वयाच्या तीन खेळाडूंची सवलत मिळाली. जागतिक फुटबॉलच्या कारभाऱ्यांना ऑलिम्पिकमध्ये दुसरी विश्वचषक स्पर्धा उभी राहू द्यायची नव्हती, हे त्यामागचे खरे कारण आहे. भारत ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये शेवटचा खेळला तो १९६० मध्ये, रोमला. त्यामुळे १९५६ मध्ये मेलबर्नला भारताने मिळवलेला चौथा क्रमांक आणि तेथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध नेव्हिल डिसूझा या गोवेकर आघाडीपटूने केलेली हॅट्‌ट्रिक वयोगटाच्या गोंधळात कधी सापडतच नाही. एशियाडच्या बाबतीत आपण इतके सुदैवी नाही, कारण भारत त्या सीमारेषेच्या अलीकडेही खेळला आणि पलीकडेही.

या एका बदलाचा परिणाम विक्रमांवर किती होतो, हे एका गोलवरून दाखवतो. सप्टेंबर २०२३ मध्ये हांगझाऊच्या एशियाडमध्ये भारताने बांगलादेशला १-० असे हरवले. शेवटच्या टप्प्यात मिळालेल्या पेनल्टीवर सुनील छेत्री यांनी तो गोल केला. अंगावर भारताचा पोशाख होता, समोर बांगलादेशचा संघ होता आणि भारताला बाद फेरीकडे नेणारा तो गोल होता, तरी छेत्री यांच्या आंतरराष्ट्रीय गोलसंख्येत तो धरला जात नाही. मोठ्या वयाच्या तीन खेळाडूंपैकी एक म्हणून ते त्या संघात होते आणि तो संघ वयोगटाचा असल्याने तो पूर्ण आंतरराष्ट्रीय सामना नव्हता. उलट चुनी गोस्वामी यांनी १९६२ च्या एशियाडमध्ये केलेले गोल त्यांच्या आंतरराष्ट्रीय कारकिर्दीचाच भाग आहेत. दोघांच्या तक्त्यात ‘एशियाड’ असा एकच स्तंभ आखून बेरीज करणारा माणूस दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करत असतो. २३ वर्षांखालील क्रिकेटपटूंच्या कर्नल सी. के. नायडू करंडकातल्या धावा कोणी रणजीच्या धावांत मिसळत नाही, मग फुटबॉलमध्येच ही सूट का द्यावी, हे मला समजत नाही.

दुसरा परिणाम संघबांधणीवर होतो. आशिया चषक हा जागतिक वेळापत्रकातला कार्यक्रम असल्याने क्लबांना आपले खेळाडू राष्ट्रीय संघासाठी सोडावेच लागतात. एशियाडच्या बाबतीत त्यांच्यावर असे बंधन नसते. हांगझाऊच्या वेळी हे स्पष्ट दिसले. इंडियन सुपर लीगचा हंगाम त्याच आठवड्यात सुरू होत असल्याने प्रशिक्षक इगॉर स्टिमॅच यांना हवे असलेले अनेक खेळाडू क्लबांनी दिले नाहीत, संघाची यादी शेवटपर्यंत बदलत राहिली आणि खेळाडू चीनला पोहोचले ते पहिल्या सामन्याच्या आदल्या संध्याकाळी. १९ सप्टेंबरला यजमान चीनने त्यांना ५-१ असे हरवले. पुढे बांगलादेशवरचा विजय आणि म्यानमारशी १-१ अशी बरोबरी यांच्या बळावर भारत उपउपांत्यपूर्व फेरीत गेला आणि तेथे सौदी अरेबियाकडून ०-२ असा हरला.

त्यानंतर चार महिन्यांच्या आत, जानेवारी २०२४ मध्ये, कतारला आशिया चषक झाला. तेच प्रशिक्षक, तेच कर्णधार छेत्री, पण संघ वरिष्ठ. ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान आणि सीरिया यांच्याविरुद्धचे तिन्ही सामने भारत हरला आणि एकही गोल करू शकला नाही. गोंधळात भर म्हणजे हांगझाऊची स्पर्धा २०२३ मध्ये होऊनही अधिकृतपणे २०२२ ची राहिली आणि कतारची स्पर्धा २०२४ मध्ये होऊनही २०२३ ची राहिली. त्यामुळे संघ एशियाडमध्ये बाद फेरी गाठतो आणि चषकात गटातच गारद होतो, अशी तुलना करून संघ चार महिन्यांत बिघडल्याचा निष्कर्ष काढणारे लेख वाचायला मिळतात. संघ बिघडला नव्हता. ते दोन संघ होते आणि त्यांच्यासमोरचे प्रतिस्पर्धीही वेगळ्या प्रतीचे होते.

हीच चूक मोठ्या कालपटावर केली जाते तेव्हा ती मला अधिक खटकते. १९६२ चे सुवर्ण, १९७० चे कांस्य, १९८२ मध्ये दिल्लीत सौदी अरेबियाकडून उपांत्यपूर्व फेरीतला पराभव, २०१० मध्ये ग्वांगझूला जपानकडून ०-५, अशी एकच उतरती रेषा काढून भारतीय फुटबॉलची कहाणी सांगितली जाते. घसरण झाली आहे, याबद्दल वाद नाही. पण २००२ नंतर ही रेषा दुसऱ्याच संघाची आहे, म्हणून वरिष्ठ संघाची घसरण तिच्यावर मोजता येत नाही. ती मोजायची असेल तर आशिया चषक पाहावा. १९६४ नंतर भारत तेथे पुन्हा दिसला तो वीस वर्षांनी, १९८४ मध्ये सिंगापूरला, आणि इराणशी ०-० बरोबरी एवढेच हाती लागले. त्यानंतर थेट २०११. मग २०१९ मध्ये थायलंडवर ४-१ असा विजय, जो या स्पर्धेतला १९६४ नंतरचा भारताचा पहिलाच विजय होता. चार संघांची स्पर्धा तोवर चोवीस संघांची झाली होती, हेही त्या विजयाचे मोल ठरवताना लक्षात ठेवावे लागते. २०२७ ची पात्रता तर ऑक्टोबर २०२५ मध्ये मडगावच्या फातोर्डा मैदानावर सिंगापूरकडून १-२ अशा पराभवाने हातची गेली.

पात्रतेचा विषय निघालाच आहे तर आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. भारतीय पुरुष संघ २०१८ च्या एशियाडसाठी पात्र ठरला नाही, असे लिहिले जाते, ते चूक आहे. आशिया चषकाला पात्रता फेरी असते आणि संघाला ती मैदानावर जिंकावी लागते. एशियाडला संघ पाठवायचा की नाही, हा निर्णय तेव्हा देशात होत असे आणि प्रवेशिका भारतीय ऑलिम्पिक संघटनेमार्फत जात असे. सांघिक खेळात आशियातल्या पहिल्या आठांत क्रमवारी हवी, या निकषावर बोट ठेवून संघटनेने २०१८ मध्ये फुटबॉल संघ पाठवलाच नाही. ती स्पर्धा जाकार्तातच होती, जेथे १९६२ मध्ये सुवर्ण मिळाले होते. गंभीर बाब अशी, की क्रमवारी वरिष्ठ संघाची असते आणि एशियाडला जाणारा संघ २३ वर्षांखालचा असतो. म्हणजे एका संघाच्या गुणांवरून दुसऱ्या संघाला घरी बसवले गेले. त्यानंतर काही महिन्यांतच, जानेवारी २०१९ मध्ये, त्याच क्रमवारीच्या वरिष्ठ संघाने अबू धाबीत थायलंडला हरवले. २०२३ मध्ये क्रीडा मंत्रालयाने हा निकष शिथिल केला म्हणून हांगझाऊचा प्रवास झाला.

या सगळ्याला एक अपवाद आहे आणि घाईत लिहिणारे तो हमखास विसरतात. महिला फुटबॉल १९९० पासून एशियाडमध्ये आहे आणि त्याला वयाची अट नाही. तेथे वरिष्ठ संघच खेळतो, त्यामुळे महिलांच्या तक्त्यात दोन्ही स्पर्धांचे सामने एका मापाने मोजता येतात. भारतीय महिलांचा आशिया चषकातला इतिहास पुरुषांपेक्षा उजवा आहे. १९८० मध्ये कोझिकोडला आणि १९८३ मध्ये बँकॉकला त्या उपविजेत्या ठरल्या. २०२२ चा महिला आशिया चषक मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात झाला. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर भारताने इराणशी ०-० अशी बरोबरी साधली, पण चमूत कोविडची लागण पसरल्याने चिनी तैपेई, म्हणजे तैवानविरुद्धच्या पुढच्या सामन्यासाठी पुरेशा खेळाडू उरल्या नाहीत आणि संघाला स्पर्धेबाहेर पडावे लागले. नियमानुसार भारताचा इराणबरोबरचा सामनाही गुणतक्त्यातून वगळण्यात आला.